मुलुंडच्या मिठागरातला रेणू

मुंबईत मुलुंडच्या पूर्वेला, ठाण्याच्या खाडीला लागून मिठागरं आहेत. भरतीचं पाणी बांध घालून आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि तळाशी बसलेलं मीठ ओढून काढायचं, हा तिथला जुना उद्योग. त्याच मुलुंडमध्ये हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं संशोधन केंद्र १९७२ पासून होतं. भारतातल्या झाडाझुडपांत आणि मातीत औषध शोधणं हे त्याचं काम. तिथल्या संशोधकांना मिठागराच्या मातीत बॅसिलस कुळातला एक जिवाणू मिळाला. ‘एचआयएल वाय-८५,५४७२८’ असा रुक्ष क्रमांक त्याला मिळाला. तो बनवत असलेल्या प्रतिजैविकाची ओळख १९९२ साली ‘जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स’ या जपानमधून निघणाऱ्या नियतकालिकाने जगाला करून दिली. त्याचं नाव मर्सासिडिन. शोधनिबंधाच्या लेखकांत चॅटर्जी आणि गांगुलींबरोबर लाड, फणसळकर अशी आपल्याकडची आडनावंही आहेत.

मर्सासिडिन ही २० अमिनो आम्लांची बारकी साखळी आहे. मध्ये गंधकाचे दुवे असल्यामुळे तिची घट्ट गुंडाळी झालेली असते. प्रोसेस्ड चीज टिकावं म्हणून त्यात जे नायसिन घालतात, ते याचं लांबचं भावंड. जिवाणूला आपल्याभोवतीची भिंत सतत दुरुस्त करावी लागते आणि त्यासाठीचा कच्चा माल पेशीच्या आतून बाहेर नेण्याचं काम ‘लिपिड-टू’ नावाचा रेणू करतो. व्हँकोमायसिन हे अतिदक्षता विभागातलं भरवशाचं औषध या रेणूचं एक टोक धरून बसतं. मर्सासिडिनही त्याच रेणूला धरतं, पण वेगळ्या जागी. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, ज्याला डॉक्टर एमआरएसए म्हणतात, त्याच्याविरुद्ध उंदरांवरच्या चाचण्यांत ते व्हँकोमायसिनच्या तोडीचं ठरलं. उंदरांच्या नाकात ठाण मांडून बसलेला एमआरएसए त्याने पार नाहीसा केल्याचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. बॉनमधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी या रेणूचं एकेक अंग उलगडून दाखवलं.

औषध मात्र झालं नाही. मुलुंडचं केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलने विकत घेतलं, हेक्स्ट स्वतः विलीनीकरणात विरघळून गेली, आणि मर्सासिडिन पाठ्यपुस्तकांत एक आदर्श उदाहरण म्हणून उरलं.

दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रात एक बातमी येते. अमुक समुद्राच्या तळाशी, तमुक स्पंजाच्या पोटात नवं प्रतिजैविक सापडलं. त्या बातमीत दोन वाक्यं ठरलेली असतात: औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढताहेत, आणि समुद्र ही अजून न उघडलेली तिजोरी आहे. पहिलं वाक्य खरं आहे. ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसं थेट या प्रतिरोधामुळे दगावली आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता. दुसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे. ती तिजोरी कधीच उघडली गेली आहे. गेली पाऊणशे वर्षं माणसं तिच्यातून एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडताहेत. टेबल भरून गेलं आहे आणि उचलायला कुणी येत नाही. अशा वेळी ‘अजून शोधा’ असा गजर करणं ही माझ्या मते एक प्रकारची पळवाट आहे. शोध ही यातली सगळ्यात देखणी आणि त्यातल्या त्यात स्वस्त पायरी. अवघड आणि महागड्या पायऱ्यांबद्दल बोलायचं टळतं म्हणून आपल्याला ती इतकी आवडते.

इतिहास फार मागे जातो. समुद्राच्या पाण्यात जमिनीवरचे रोगजंतू फार टिकत नाहीत, हे जुनं निरीक्षण. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत क्लॉड झोबेल आणि विल्यम रोझेनफेल्ड यांनी १९४७ साली दाखवलं की, समुद्रातले काही सूक्ष्मजीव स्वतःच इतर जिवाणूंना मारक द्रव्यं तयार करतात. १९६६ मध्ये पॉल बर्कहोल्डर यांनी प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्यावरच्या समुद्री गवतावरून एक जिवाणू घेतला आणि त्यातून एक विलक्षण रेणू वेगळा केला. हे बर्कहोल्डर म्हणजे व्हेनेझुएलाच्या मातीतून क्लोरॅम्फेनिकॉल देणारा जिवाणू शोधणारे. समुद्री गवतावरच्या त्या रेणूत ब्रोमीनचे पाच अणू आहेत आणि वजनाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक भाग नुसता ब्रोमीन आहे. जमिनीवरचा जिवाणू असला रेणू सहसा बनवणार नाही, कारण त्याच्या परिसरात ब्रोमीन मिळतंच किती? समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते साधारण ६५ मिलिग्रॅम असतं. ज्याच्या हाताशी जो माल, त्याचंच तो हत्यार करणार. समुद्राचं रसायन वेगळं म्हणून तिथल्या जिवाणूंचं रसायन वेगळं, ही गोष्ट १९६६ पासून सिद्ध आहे.

हत्यार हा शब्द मी वापरला खरा, पण तो नीट तपासायला हवा. आपण प्रतिजैविकांबद्दल बोलताना लढाईची भाषा वापरतो आणि समुद्री जिवाणू जणू आपल्यासाठीच दारूगोळा करत बसलेत असं समजतो. या रसायनांचा तिथला खरा उपयोग काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर १९८९ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. पॅलेमॉन जातीच्या कोळंबीची मादी आपली अंडी पोटाखाली चिकटवून वागवते. त्या पाण्यात अशा अंड्यांना खाणारी एक बुरशी असते, तरीही अंडी निरोगी राहतात. गिल-टर्न्स, हे आणि फेनिकल या तिघा संशोधकांना दिसलं की अंड्यांच्या पृष्ठभागावर अल्टेरोमोनास नावाचे जिवाणू दाट वस्ती करून असतात. त्यांनी प्रतिजैविक देऊन ही वस्ती हटवली, तेव्हा बुरशीने अंडी फस्त केली. मग जिवाणू परत सोडले, आणि अंडी वाचली. शेवटी जिवाणू न सोडता फक्त ते बनवत असलेलं आयसॅटिन हे साधं रसायन पाण्यात घातलं, तरी अंडी वाचली. दाई, पहारेकरी आणि वैद्य अशी तिन्ही कामं एका सूक्ष्मजीवाने करावीत, आणि भाडं म्हणून अंड्यावरची जागा घ्यावी. मला या प्रयोगातली सगळ्यात बोलकी गोष्ट ही वाटते की कोळंबीच्या अंड्यांना मारलं ते आपल्या प्रतिजैविकाने. आणि ते मरण बुरशीच्या हातून आलं.

हा तपशील लढाईच्या चित्राला तडा देतो. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, तरी त्यांच्या आकाराच्या मानाने ते एकमेकांपासून चांगलेच दूर असतात. मोकळ्या पाण्यात विष सोडणं म्हणजे ते वाया घालवणं. ते क्षणात विरून जाईल. म्हणून हे रसायन खेळतं ते पृष्ठभागांवर. समुद्री गवताच्या पात्यावर, अंड्यावर, मेलेल्या प्लवकांच्या तरंगत्या कणांवर. फारूक आझम आणि त्यांचे सहकारी रिचर्ड लाँग यांनी २००१ मध्ये ८६ समुद्री जिवाणू एकमेकांसमोर वाढवून पाहिले. निम्म्याहून अधिक जिवाणूंनी कुणाला ना कुणाला तरी रोखलं, आणि कणांना चिकटून राहणारे हे मोकळ्या पाण्यातल्यांपेक्षा जास्त भांडखोर निघाले. इथे जागेसाठी भांडण आहे, तसा शेजारही आहे. जे द्रव्य मोठ्या मात्रेत मारतं तेच अगदी थोड्या मात्रेत शेजारच्या जिवाणूचे जनुक चालू-बंद करतं, असंही पुष्कळ वेळा दिसलं आहे. म्हणजे आपण ज्याला औषध म्हणतो, ते कदाचित त्यांच्यात चाललेल्या बोलण्याचा एक तुकडा असेल.

आता या बोलण्याचं भांडार किती मोठं आहे याचा एकच नमुना देतो. स्क्रिप्समधलेच पॉल जेन्सन आणि विल्यम फेनिकल यांना बहामाच्या समुद्रतळाच्या गाळात ॲक्टिनोमायसीट गटातला एक जिवाणू मिळाला, ज्याला वाढायला समुद्राचंच पाणी लागतं. पुढे त्याचं नाव सॅलिनिस्पोरा ठेवलं गेलं. २००७ मध्ये त्याच्या एका जातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कळलं की जवळजवळ दहा टक्के जनुकं अशी खास रसायनं बनवण्यात गुंतलेली आहेत. जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलवरच्या गाळातून आलेल्या दुसऱ्या एका जिवाणूने ॲबिसोमायसिन-सी हा रेणू दिला. २००४ साली तो जाहीर झाला. जिवाणूला फॉलिक आम्ल तयार करताना लागणारा एक टप्पा तो अडवतो, आणि तो टप्पा माणसाच्या शरीरात नसतोच. औषधशास्त्राचा विद्यार्थी असल्या लक्ष्याची स्वप्नं बघतो. २०१३ मध्ये सांता बार्बरासमोरच्या गाळातून अँथ्रासायमायसिन आलं. यादी वाढवता येईल, पण उपयोग नाही. समुद्री जिवाणूपासून मिळालेलं एकही प्रतिजैविक आज रुग्णाला लिहून दिलं जात नाही.

विज्ञानाच्या बाजूने याचं उत्तर तयार असतं, आणि ते ऐकून घ्यायलाच हवं. पहिलं म्हणजे, समुद्रातले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. त्यांना त्यांचा गाळ आणि त्यांचे शेजारी लागतात. बॉस्टनच्या किम लुइस आणि स्लावा एपस्टाइन यांनी २००२ मध्ये यावर सोपा इलाज काढला: ओहोटीच्या पट्ट्यातल्या गाळातले जिवाणू सूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्यांमध्ये बंद करून त्यांना पुन्हा त्याच गाळावर ठेवलं, आणि न वाढणारे वाढू लागले. दुसरी अडचण, उपयोगी वाटलेला रेणू रक्तात पडला की प्रथिनांना चिकटून निकामी होतो. ला होयाच्या गाळातून आलेलं मॅरिनोपायरोल-ए एमआरएसएवर चांगलं चालतं, पण माणसाचा सीरम मिसळला की त्याची धार जाते. तिसरी अडचण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. मर्सासिडिनसकट यातले बहुतेक रेणू ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर चालतात. भारतातल्या अतिदक्षता विभागांची झोप उडवली आहे ती क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर यांनी, आणि ते ग्रॅम-निगेटिव्ह आहेत. त्यांच्याभोवती आणखी एक बाहेरचं आवरण असतं, आणि असले गुंडाळीदार रेणू त्यातून आत शिरत नाहीत. म्हणजे मर्सासिडिन आज मिळत असतं तरी आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण त्याने वाचले नसते. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण या तिन्ही अडचणी तांत्रिक आहेत, आणि तांत्रिक अडचणी कुणीतरी पैसे आणि वर्षं घातली की सुटतात, किंवा सुटत नाहीत हे तरी कळतं. मर्सासिडिनच्या बाबतीत ते कळण्याइतकंही पुढे कुणी नेलं नाही. डॅप्टोमायसिनची कथा याच्या नेमकी उलट आहे. तुर्कस्तानातल्या अरारात पर्वतावरच्या मातीतला हा रेणू एली लिली कंपनीने १९८० च्या दशकात तपासला आणि स्नायूंना इजा होते म्हणून बाजूला ठेवला. क्युबिस्ट नावाच्या छोट्या कंपनीने तो १९९७ मध्ये घेतला, आणि दिवसातून एकदाच दिला तर इजा टळते, हे शोधलं. २००३ पासून ते जीव वाचवणारं औषध आहे. रेणूत एका अणूचाही बदल झाला नव्हता. बदल झाला होता मालकात, आणि मात्रेच्या वेळापत्रकात. कपाटात अशी आणखी किती डॅप्टोमायसिनं पडली असतील, हा प्रश्न समुद्रात आणखी किती जिवाणू आहेत या प्रश्नापेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो.

समुद्रातून आलेलं एक महान औषध आहे, पण ते जिवाणूने दिलं नाही, बुरशीने दिलं. सार्डिनिया बेटावरच्या कालियारी शहरात सांडपाणी जिथे समुद्रात पडतं, तिथे मुलं पोहत आणि तरीही टायफॉइड फारसा होत नसे. विद्यापीठातले प्राध्यापक ज्युझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ साली त्या पाण्यातून सेफॅलोस्पोरियम बुरशी वेगळी केली. युद्धाने खंक झालेल्या इटलीत पुढे काही होईना, म्हणून त्यांनी १९४८ मध्ये एक स्थानिक पुस्तिका छापली आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठवली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन-सी काढलं. पेटंट घेतलं ब्रिटिश सरकारच्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने, आणि मग कंपन्या आल्या. पहिलं औषध १९६४ मध्ये बाजारात आलं. आज आपल्याकडच्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, गरज असो नसो, सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन लिहून दिलं जातं, ती त्या गटारमुखाची नातवंडं. या कथेत प्रतिभावान माणसं आहेत, पण निर्णायक ठरल्या त्या नफ्याचा लगेच विचार न करणाऱ्या सार्वजनिक संस्था. ब्रोत्झूंच्या नळीपासून १९६४ पर्यंतची जवळजवळ वीस वर्षं कुणीतरी निभावून नेली.

आपल्याकडेही असा एक काळ होता. पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढलं आणि त्या जिवाणूच्या जातीला ‘पिंप्रिना’ असं गावाचं नाव दिलं. शोध, उत्पादन आणि बाटलीत भरणं हे सगळं एका आवारात. या कंपनीचा पुढचा इतिहास तोट्याचा आहे, आणि सरकारी कारखान्यांच्या आठवणींनी गहिवरून जाणाऱ्यांपैकी मी नाही. पण मातीपासून औषधापर्यंतचा अख्खा रस्ता इथे एकदा बांधला गेला होता, हे विसरून चालणार नाही. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कंपनीची जास्तीची जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं.

बाजार हा रस्ता बांधणार नाही, याचं कारण लोभ नव्हे, साधा हिशेब आहे. रक्तदाबाची गोळी रुग्ण आयुष्यभर घेतो. प्रतिजैविक घेतो आठवडाभर. त्यातही नवं प्रतिजैविक चांगलं निघालं तर कुठलाही शहाणा डॉक्टर ते कपाटात राखून ठेवेल, बाकी सगळं हरल्यावरच काढेल. म्हणजे जितकं औषध मोलाचं, तितका त्याचा खप कमी. अकाओजेन या अमेरिकन कंपनीच्या प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. यशस्वी होऊन बुडाली. हे पाहिल्यावर कुठला गुंतवणूकदार समुद्रतळाच्या गाळात पैसे ओतेल? मग खुशाल नवे जिवाणू शोधा. ते जिथे जाऊन अडकणार, ती जागा आधीच ठरलेली आहे.

ब्रिटनने यावर एक उपाय सुरू केला आहे. २०२२ पासून तिथली आरोग्यसेवा निवडक प्रतिजैविकांसाठी कंपनीला वर्षाला ठरावीक रक्कम देते, सुरुवातीला ती एक कोटी पौंडांपर्यंत होती; किती डोस वापरले याच्याशी त्या रकमेचा संबंध नसतो. औषध कपाटात राहिलं तरी पैसे मिळतात, म्हणून ते खपवण्याची घाईही उरत नाही. अग्निशमन दलाला आपण आगीच्या संख्येवर पगार देत नाही, तसंच हे. मला हा विचार बरोबर वाटतो, आणि तो श्रीमंत देशांपुरता आहे हा आक्षेप पटत नाही. प्रतिरोधाची मोठी किंमत आपण मोजतो आहोत. न मोजण्याइतके श्रीमंत आपण कधीच नव्हतो.

आपल्याकडे करता येत नाही असंही नाही. मुंबईच्या वोक्हार्टने नाफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक २०२४ मध्ये आणलं. सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार त्याला १४ वर्षं आणि सुमारे ५०० कोटी रुपये लागले, त्यात तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांसाठी ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेचे ८ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. समुद्री जिवाणूपासून निघालेल्या, रचना पूर्णपणे अनोळखी असलेल्या रेणूला लागणारा खर्च याहून कमी नक्कीच नसेल, कारण त्याचं उत्पादनच आधी शिकावं लागेल.

इथे एका युक्तिवादाचा निकाल लावायला हवा, कारण तो माझ्याच बाजूचे लोक वापरतात. धारावीच्या पुनर्विकासातल्या घरांसाठी कांजूर, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तेव्हापासून पर्यावरणप्रेमी विरोध करताहेत. त्यांना मर्सासिडिनची गोष्ट सांगितली की ते खूश होतात: बघा, इथे औषध आहे, म्हणून मिठागर वाचवा. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. जिवाणूशोधाला चमचाभर माती पुरते. मिठागराचं मोल त्यातल्या रेणूंवर ठरवलं, तर बिल्डर म्हणेल, दहा चमचे घेऊन जा आणि उरलेली जागा सोडा. त्याच्याशी वाद घालायला मग काहीच उरणार नाही. मिठागरं वाचवायची ती भरतीचं आणि पावसाचं पाणी सामावायला, मिठावर पोट असलेल्यांसाठी, पक्ष्यांसाठी. शेजारच्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तो औषधांसाठी नव्हे. औषधाचा दावा निसर्गाच्या रक्षणाला जोडला की दोन्हींचं नुकसान होतं: निसर्ग हे फक्त गोदाम ठरतं, आणि औषधाचा रखडलेला प्रवास कुणी विचारत नाही.

खाडीबद्दल बोलायचं तर उलट्या दिशेने वाहणारा प्रवाह जास्त गंभीर आहे. शहराचं मलपाणी, रुग्णालयांचं पाणी, औषधकारखान्यांचं पाणी शेवटी याच गाळात येतं. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ साली सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत मोजलं गेलं. उपचार चालू असलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. जिवाणूंना प्रतिरोध शिकवण्याची याहून चांगली शाळा काढता आली नसती. ज्या पाण्यात नवी प्रतिजैविकं शोधायची, त्याच पाण्यात जुन्यांचा कचरा सोडून तिथल्या जिवाणूंना सराव द्यायचा, आणि या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी मंत्रालयं ठेवायची, म्हणजे कुणी जोडून बघणार नाही.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये. त्यात माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी आहे, खनिजं आहेत, आणि खोल समुद्रातल्या सूक्ष्मजीवांसकट सगळ्या जीवांतून उपयोगी द्रव्यं शोधण्याचंही काम आहे. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९६६ पासून जमलेलं ज्ञान त्यासाठी उपयोगी पडेल. माझा विरोध मोहिमेला नाही. पण त्या खर्चातला एक वाटा, अगदी दहावा असला तरी चालेल, वेगळा काढून तो नव्या जिवाणूंसाठी न वापरता आधीच सापडलेल्या आणि कपाटात पडलेल्या रेणूंसाठी ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. एका समितीने मर्सासिडिनसारख्या प्रत्येक रेणूबद्दल, तो कुठल्या देशात कुणाला सापडला हे न बघता, ठरवावं: विषारी ठरला म्हणून थांबला, की कंपनी विकली गेली म्हणून थांबला? पहिल्या प्रकारचे सोडून द्यावेत. दुसऱ्या प्रकारचे घेऊन सरकारी खर्चाने माणसांवरच्या पहिल्या चाचणीपर्यंत न्यावेत. आणि त्यातून एखादं औषध निघालंच, तर ते वापरो न वापरो, वर्षाला ठरलेली रक्कम देऊन विकत घेण्याची हमी राज्यांनी आणि केंद्राने आधीच लिहून द्यावी. ती हमी नसेल तर पाणबुडीने वर आणलेल्या गाळातूनही पुढच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांना फक्त आणखी एक आदर्श उदाहरण मिळेल.